वारसाच्या हाती मानूस देत नाईत

वलगाव, भाद्रपद वद्य चतुर्थी, शके १७८६

दादाजीले मैनाचा दंडवत.

भासऱ्यापुढं, नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं, बोलू नाई, हे मले सासरी आल्या दिवशीच सांगतलं होतं. बोलली बी नाई. तुमी ओसरीवर बसले का मी पदर घेऊन आत, अन् तुमाले पानी पाह्यजे असलं तर तेबी जाऊबाईच्या हातून. तुमी माहा आवाज आयकला असंल तो भिंतीआडूनच. पन लिहू नाई असं कोनी म्हनलं नोतं. माहं माहेर रिद्धपूरचं, आत्या तिथं मठात तपस्वीन हाये, तिनं मले अक्षरं शिकवली. मोडी येत नाई, बाळबोध लिहून राहिली. हसायचं असंल तर जाऊबाईसंग बसून हसा, पन मुनीमाच्या हाती हे देऊ नका. घरची गोष्ट हाये.

काल अमरावतीच्या कचेरीतून चपराशी आला. पाटलानं कागद चावडीवर मोठ्यानं वाचला, म्हंजे गावात आयकायचं कोनी राह्यलं नाई. यायचं, माह्या मालकायचं, नाव मी घेत नाई, पन कागदानं घेतलं. वलगावच्या भगवंतरावाचं डोकं ठिकानावर नाई, त्याले सोताचं अन् जमिनीचं काई समजत नाई, म्हनून तो अन् त्याची जमीन दोनी माह्या हवाली करा, असा अर्ज त्याचा सख्खा मोठा भाऊ सूर्यभान, राहनार अकोला, यानं केला हाये. पाटील वाचता वाचता खाली पाहून राहिला होता. त्याले लाज वाटली, तुमाले नाई वाटली का?

'तो अन् त्याची जमीन.' गाडीबंडीसंग बैल घ्यावा तसं लिहिलं तुमी.

गोऱ्यायच्या मुलखात कुठं लढाई लागली म्हनतात, त्यायची रुई बंद पडली, अन् आपल्या रुईले सोन्याचा भाव आला. वावर तेच, काळी माती तेच, तुमचा भाऊ बी तोच. रुई मातीमोल होती तवा कोनी विचारलं नाई बाप्पा, का भगवंताले जमिनीचं समजते का नाई म्हनून.

हे आता चांगले हायेत. जेवतात, झोपतात, वावरात तन काढायले, डवरनीले, सोता गेले. रुईची परहाटी कमरेएवढी झाली हाये. अर्ज मागं घ्या, दादाजी. जाऊबाईले दंडवत.

तुमच्या धाकट्याची,
मैना


वलगाव, आश्विन शुद्ध अष्टमी

दादाजीले दंडवत.

तुमचा निरोप बंडीवाल्यानं पोचवला. 'बाईमानसानं कागद लिहू नाई, जे व्हायचं ते कचेरीत होईन.' आयकलं. तरी लिहून राहिली, कारन कचेरीत तुमचा वकील बोलन, माहा वकील बोलन, अन् आपल्या घरात काय झालं ते दोघायलेबी ठाऊक नाई.

व्हय, मीबी वकील केला. शेजारची गोदाबाई माळीन अमरावतीच्या बाजारात वांगी घेऊन जाते, तिच्या बंडीत बसून गेली. वकिलाचं नाव केशवराव, पुन्याकडचे हायेत. मी दाराआड बसली, गोदाबाई मधात. आमचं बोलनं त्यायले भांडन वाटते अन् त्यायचं बोलनं आमाले पोथी वाटते, पन मानूस चांगला हाये.

त्यायनं पयले विचारलं, "यजमान आणि त्यांचे बंधू एकत्र की विभक्त?"

मी म्हनली, आमचं काय बाप्पा, बोलचाल बंद हाये, वाटनी कोनी केली नाई.

"चूल एक होती की वेगळी?"

मी काई बोलाच्या आधी गोदाबाई म्हनते, "वेगळी! अख्ख्या गावानं पाह्यलं. हे सारे वलगावात एकाच घरात होते तवाच मैनानं आंगनात दुसरी चूल मांडली. अकोल्याचा दादा तर मंग गेला."

केशवरावायनं मांडीवर थाप मारली. "मग झालंच की! वेगळी चूल म्हणजे वाटणी. साक्षीदार गाव आहे. अर्धी जमीन तुमच्या यजमानांची ठरेल, ती सांभाळायला तुमच्या हाती मिळेल. बंधूंचा तिच्यावर हात पडायचा नाही."

दादाजी, खोटं काहून सांगू, माहा जीव सुपाएवढा झाला. यंदाची रुईची वेचनी माह्या हाती! मी हिशोब बी करून टाकला, विहीर बांधायची, दुसरी बैलजोडी घ्यायची. मंग सहज विचारलं, "अन् हे?"

केशवराव म्हनले, "त्याचं वेगळं आहे, बाई. ज्याचं डोकं फिरलं त्याच्यासाठी सरकारनं नवा कायदा केलाय. जमीन एकाकडं देतात आणि माणूस एकाकडं. पण जो त्याच्यामागं जमिनीचा वारस होणार, त्याच्या हाती माणूस कधीच देत नाहीत. वारसाला तो लवकर गेलेला बरा वाटेल, अशी शंका. तुम्हाला मूलबाळ नाही. वाटणी झालेली ठरली, तर वारस तुम्हीच."

"मंग हे कोनापाशी राह्यतीन?"

"जवळचा, पण वारस नसलेला नातलग. म्हणजे त्यांचे बंधू."

मी दाराआडून अशी काई बोलली का केशवरावायच्या आईनं आतून येऊन पाह्यलं. म्हनली, कोन्या मेल्यानं केला हा कायदा? मले यायच्या मरनाची वाट पाहनारी समजते? ज्यानं जनावरावानी बांधलं त्याच्या हाती देते?

केशवराव म्हनले, "आणि वाटणी झालीच नाही असं ठरलं, तर उलटं होतं. वारस बंधू. जमीन त्यांच्याकडं राहील, पण यजमान तुमच्याकडं. त्यांना नाही मिळणार. दोन्ही गोष्टी तुम्हाला मिळतील असा रस्ता मला तरी दिसत नाही. पण जमीन सोडू नका. माणसाचं पुढं बघता येईल."

म्हंजे तुमालेबी दोनी मिळायचे नाईत, हे तुमच्या वकिलानं सांगतलं का नाई? नसंल तर मी सांगून राहिली.

पयल्या पत्रात मी लिहिलं का हे चांगले हायेत. चपराशी येऊन गेल्यापासून ते घराच्या बाहीर पडले नाईत. बंडीचा आवाज आला का आत धान्याच्या कोठीमागं जाऊन बसतात. त्यायले वाटते अकोल्याहून कोनी न्यायले आलं.

मैना


वलगाव, कार्तिक शुद्ध तृतीया

दादाजीले दंडवत.

दिवाळी झाली. तुमी आले नाई, आमी बोलावलं नाई. मागच्या दिवाळीची याद दोघायलेबी आली असंल.

त्या चुलीचं आज लिहितो, कारन जाऊबाईच्या मनात ते अजून सलून राहिलं हाये. त्यायले वाटते मी त्यायच्या हाताखाली राहायले कंटाळली, म्हनून येगळी झाली. तसं नाई वो. तुमच्या भावाले त्या पावसाळ्यात वाटू लागलं का जेवनात कोनी काईतरी मिसळते. जाऊबाईच्या हातची भाकर पुढं आली का हात मागं. मी बी आत रांधली तरी तेच. त्यायनं जेवन सोडलं, बरगड्या मोजता येत होत्या. मंग एक दिवस मी आंगनात तीन दगड मांडले, त्यायच्या डोळ्यापुढं जाळ केला, त्यायच्याच हातानं पीठ घेतलं, त्यायच्याच लोट्यातलं पानी. भाकर फुगली तशी त्यायनं तव्यावरूनच उचलली, बोटं भाजली, पन खाल्ली. मी तिथंच बसून रडली. मांगून जाऊबाई म्हनल्या, "माह्या पिठात विष हाय का?" अन् मले सांगता आलं नाई. नवरा येडा झाला हे जावेले कसं सांगू? मी म्हनली, "मले येगळं रांधायचं हाये." बस. त्या एका बोलन्यानं घर फाटलं. मंग तुमी अकोल्याले गेले, जठारपेठेत बिऱ्हाड केलं, रुईच्या धंद्यात पडले. गावानं म्हनलं, भाऊ येगळे झाले.

अन् मागची दिवाळी. तुमी यायले अकोल्याले मोठ्या आवडीनं नेलं, हे मी इसरली नाई. धाकट्यासाठी नवा अंगरखा शिवला होता, जिलेबी आनली होती. मंग यायनं एका व्यापाऱ्याचे रुईनं भरलेले बोंधरे, गठ्ठे, भर बाजारात फाडले. तुमाले वाटलं, इज्जत गेली. दादाजी, त्यायले रुईच्या आत लेकरू रडतानी आयकू येत होतं. आपल्या घरी लेकरू नाई, अन् ते रुईत रडून राहिलं. ते फाडतीन नाई तर काय करतीन? तुमी त्यायले गोठ्यात बैलाच्या साखळीनं बांधलं. मी आली तवा पाय सुजून काळा झाला होता. वळ अजून हाये.

तुमी दुष्ट नाई, मले ठाऊक हाये. तुमाले भेव वाटलं. मलेबी वाटते, रोजच वाटते. पन मी भेली म्हनून बांधत नाई, सोबत बसतो. ते लेकरू रडते म्हनले तर मी म्हनतो, कुठं? दोघं मिळून शोधतो. शोधता शोधता ते थकतात अन् झोपतात.

केशवरावायचा निरोप आला, मार्गशीर्षात कचेरीत पेशी हाये. ते म्हनतात, कचेरीतला गोरा साहेब चुलीचं विचारन, तवा 'वेगळी' एवढंच म्हना. ते खोटं बी नाई. मलेबी जमीन पाह्यजे, दादाजी. परहाटी फुटली हाये, पांढरी फक वावरं पसरली हायेत, अन् मी बांधावर उभी राहून पाहत राहतो. दर रोज मन येगळं सांगते. एक दिवस वाटते, जमीन हाती आली तर तिच्या पैशानं मोठा वकील करीन, मंग यायले सोडवून आनीन. दुसऱ्या दिवशी यायचा तो पाय दिसते.

मी काय बोलीन ते तुमाले सांगत नाई. मलेच ठाऊक नाई. अजून वेळ हाये, अर्ज मागं घ्या.

मैना


वलगाव, मार्गशीर्ष वद्य द्वितीया

दादाजीले दंडवत.

तुमी कचेरीत होते, तरी लिहितो. तुमी सारा वेळ पायातल्या जोड्याकडं पाहून राहिले होते, म्हनून तुमाले काय काय दिसलं नसंल.

यायले आनतानी मले वाटलं बंडीतूनच उडी टाकतीन. पन आले. साहेब तरना पोरगा हाये, नाक लाल, मराठी बरी बोलते, अडलं का शिरस्तेदाराकडं पाह्यते. त्यानं यायले खुर्ची देली. कचेरीत कास्तकाराले खुर्ची! यायनं ती हातानं झटकली, मंग बसले. साहेबानं विचारलं, गाव कोनतं? वलगाव. वावरात काय पेरलं? परहाटी, अन् मधात तूर. तूर काहून? "परहाटी बुडाली तर वरन तरी खाता येईन," हे म्हनले. साहेब हसला. मले वाटलं, हे तर शहाने ठरून राहिले! मंग अर्जच उडन, जमीन बी माही अन् हे बी माहे. मी देवाले हात जोडले.

तेवढ्यात यायनं टेबलावरच्या लाल बस्त्याकडं बोट दाखवलं, ज्यात कागद बांधून ठेवतात. हळूच म्हनले, "साहेब, त्यात कोन रडून राहिलं हो? सोडा ना त्याले."

कोनी हसलं नाई. साहेबानं बस्ता सोडला, कागद बाजूले केले, रिकामं फडकं यायले दाखवलं. हे म्हनले, "गेलं मंग. बरं झालं." दादाजी, तवा तुमी डोळे पुसले. ते मी पाह्यलं.

मंग चुलीचं निघालं. गोदाबाईनं सांगतलं, येगळी. पाटलानं सांगतलं, येगळी. तुमचा वकील म्हनला, चूल येगळी असली तरी सात पिढ्यायचं खातं एकच हाये, असं काईतरी. साहेबानं माह्याकडं पाह्यलं. "बाई, तुम्ही सांगा."

मी उभी राह्यली. समोर तुमी. लग्न होऊन आली तवापासून तुमच्यापुढं माह्या तोंडातून सबूद निघाला नोता. पदर इतका खाली ओढला का मले फकत माहेच पाय दिसत होते. केशवराव मांगून कुजबुजून राहिले होते, "वेगळी म्हणा, वेगळी म्हणा."

मी म्हनली, "चूल येगळी हाये. वाटनी झाली नाई."

माहा आवाज मलेच मोठा वाटला. साहेब म्हनला, मग चूल का वेगळी? मी सारं सांगतलं. तीन दगड, पीठ, पानी, भाजलेली बोटं, जाऊबाईले खोटं बोलली तेबी. नवऱ्याचं येड भर कचेरीत सांगतलं, भासऱ्यापुढं सांगतलं. केशवराव "बाई, बाई" करत खाली बसले. साहेबानं शिरस्तेदाराकडून मले विचारलं, असं बोलल्यानं जमीन तुमच्या हाती येनार नाई, समजते का?

मी म्हनली, "समजते. जमीन दादाजीजवळ राहू द्या. मानूस मले द्या."

मंग साहेबानं जे लिहून देलं ते तुमीबी आयकलं. जमीन तुमी पाहायची, दर साली कचेरीत हिशोब द्यायचा, आमा दोघायचं धान्य-कपडा त्यातून पुरवायचा. अन् तुमचा भाऊ माह्यापाशी. तुमी वारस हाये, म्हनून त्याच्या अंगाले हात लावायचा नाई, बांधायचं नाई, साहेबाले इचारल्याबिगर कुठं धाडायचं नाई. ज्या कायद्याले मी शिव्या देल्या त्यानंच त्यायले तुमच्यापासून राखलं.

येतानी बंडीत मी रडली. लोकायले वाटलं, आनंदानं. नाई वो. मी त्या वावरासाठी रडली. एवढी पांढरी फुटली होती अन् मी ती एका बोलन्यानं देऊन टाकली. हे माह्याकडं पाहून राहिले होते. म्हनले, "काहून रडून राहिली? कोनी त्यात हाय का?" मी म्हनली, नाई, कोनी नाई.

आता माह्या मनात तुमच्याबद्दल राग उरला नाई, असं लिहिलं तर ते खोटं होईन. हाये थोडा.

मैना


वलगाव, पौष शुद्ध दशमी

दादाजीले दंडवत.

ज्वारीची पोती पोचली, तूर बी पोचली. लुगडं जाऊबाईनं निवडलेलं दिसते, काठ चांगला हाये. त्यायले सांगा, मले आवडलं. त्यायनं काईतरी धाडलं यातच सारं आलं.

बंडीवाला म्हनते, तुमी सोता गावच्या शिवेपर्यंत आलते. वेचनी पाह्यली, बाया मोजल्या, आंब्याखाली बसून पानी प्याले, अन् तिथूनच माघारी गेले. घर तिथून दिसते, दादाजी. धूर निघून राहिला होता, तोबी दिसला असंल.

कोनी तुमाले सांगतलं असंल का साहेबानं घरी जायले मनाई केली. तसं नाई. मी केशवरावायले मुद्दाम विचारलं. बांधायची मनाई हाये, न्यायची मनाई हाये. भेटायची नाई.

यायचं आता बरं-वाईट दोनी हाये, लपवत नाई. चार दिवस वेचनीले जातात, बायायसंग गुमान बोंडं वेचतात, गोदाबाईच्या वाफ्यात पानी फिरवतात. मंग एखाद दिवस येते का कोठीमागं. बंडीच्या आवाजाले भेनं अजून गेलं नाई. तुमची बंडी त्या दिवशी शिवेवरून वळली, ते यायले बैलायच्या घुंगरावरून समजलं. तुमच्या बैलायचे घुंगरू ते लहानपनापासून वळखतात. कोठीमागं गेले अन् म्हनले, "दादा न्यायले आला."

मी त्यायच्याजवळ जाऊन बसली. म्हनली, आयका. साहेबानं लिहून देलं हाये. दादाले तुमाले नेता येत नाई. दादाले तुमाले बांधता येत नाई. काई झालं तरी त्यायले तुमच्या अंगाले हात लावता येत नाई, साहेबाच्या कागदावर माहं नाव हाये. त्यायनं पुन्ना सांगायले लावलं. पुन्ना सांगतलं. मंग आनखी एकदा. माही जीभ दुखायले लागली.

ते कोठीले पाठ टेकून बसले, पायाचा वळ चोळत. मंग तोंडावर असं काई आलं का मी ते लग्नाच्या सालानंतर पाह्यलं नोतं. लहान लेकरावानी मले विचारलं,

"मंग दादा आता नुसता दादाच व्हय ना?"

मी व्हय म्हनली, दादाजी. मले खोटी पाडू नका.

मैना